नाव घेतल्याशिवाय मत नाही

चोलोक-तेरेक गावच्या दुकानाच्या दारावर मंगळवारी सकाळी निवडणुकीचा कागद लागला. वर कुरण समितीचा गोल शिक्का, खाली अध्यक्ष जुमाबेकची ऐसपैस सही आणि मध्ये दोनच कलमं. पहिलं, नव्या अध्यक्षाची निवडणूक जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारी, शाळेच्या मोठ्या खोलीत. दुसरं, मतदाराने उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उमेदवाराचं नाव घ्यावं. मान डोलावणं, बोट दाखवणं, टोपणनाव, ‘हे’, ‘ते’, ‘आपले’ असलं काही चालणार नाही. तसं मत बाद.

सोनुनने तो कागद दोनदा वाचला. ती गावातली गुरांची डॉक्टरीण. वय एकेचाळीस, खांद्याला सुया-औषधांची पिशवी, पायात बारा महिने रबरी बूट. जुमाबेकच्या विरोधात उभी राहिलेली ती एकटीच होती आणि कागद वाचून तिला वाटलं, आपण उभं राहायच्या आधीच आडवे झालो.

“त्या दिवशी गावात असणार कोण?” ती दुकानाच्या पायरीवर बसलेल्या कुबात मास्तरांना म्हणाली. “सगळे मेंढके वर जायलोवर, उन्हाळी कुरणात. घोड्यावरून खाली यायला दोन दिवस, परत जायला दोन दिवस. चार दिवस मेंढरं लांडग्यांच्या हवाली करून येणार आहेत होय मत द्यायला?”

“म्हणून तर तो दिवस निवडलाय,” मास्तर म्हणाले. त्यांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता आणि सुट्टीतही तो थांबत नसे. “जगात सगळीकडे हेच चालतं. अमेरिकेत मंगळवारी मत देतात. का? तर म्हणे पूर्वी शेतकरी रविवारी प्रार्थनेला जायचा, बुधवारी बाजाराला, मग मध्ये गाडी हाकायला वेळ नको? कुठे रविवारी देतात, सुट्टी असते म्हणून. कुठे गुरुवारी, पहिल्यापासून गुरुवारी देतात म्हणून. जो तो देश सांगतो, आम्ही लोकांची सोय बघितली. कुठल्या लोकांची, ते कुणी सांगत नाही.”

“आणि आमच्या गावाने काय बघितलं?”

“आमच्या गावात जुमाबेक शुक्रवारी जन्मला. त्याला शुक्रवार लाभतो.”

सोनुनला हसू आलं नाही. तिला कोक-साय दिसत होतं. गावाच्या डोक्यावरची ती हिरवी घळ. एप्रिलमध्ये सगळीकडे बर्फ असताना तिथलं बर्फ आधी वितळतं. गावातल्या मेंढ्या तिथेच वितात, आणि उन्हाळ्यात मेंढरं वर गेली की घराघरातली एक-दोन दुभती गुरं तिथेच चरतात. ते कोक-साय जुमाबेक शहरातल्या एका बड्या माणसाला पंचवीस वर्षांसाठी द्यायला निघाला होता. तो तिथे कुंपण घालणार, शिकारीचे पाहुणे आणणार, लाकडी घरं बांधणार. कागद तयार होता. निवडून आल्यावर दुसऱ्या दिवशी सही करतो, असं जुमाबेकने उघड सांगितलं होतं. तिचा नवरा अझात गावातली आठशे मेंढरं राखायचा. वर जाताना तो खोगीर आवळत म्हणाला होता, “कुंपण पडलं तर कोकरं काय बर्फात जन्माला घालू? मग आपण मॉस्कोला जाऊ. धाकटा भाऊ बोलावतोच आहे.” सोनुनला मॉस्कोला जायचं नव्हतं. भांडी घासायला तर नव्हतंच नव्हतं.

जुमाबेक काही दुष्ट माणूस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. वय सदुसष्ट, पांढरी दाढी, उंच पांढरी टोपी, लग्नात आणि मयतात सगळ्यात आधी हजर. फक्त गेली सोळा वर्षं अध्यक्ष राहून त्याला खुर्ची आणि आपला पार्श्वभाग यातला फरक कळेनासा झाला होता. मतदानाची पद्धत तो दर वेळी बदलायचा. दोन खेपांमागे हात वर करून मतं घेतली, तेव्हा म्हाताऱ्या कासिमालीने दोन्ही उमेदवारांच्या वेळी हात वर केला. विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या वेळी खांदा मोकळा करत होतो. त्यावरून शाळेची दोन बाकं मोडली. मागच्या खेपेला पेटी ठेवली, तर जुमाबेकला मत दिलं असं शपथेवर सांगणारे ऐंशी निघाले आणि पेटीतून निघाली चव्वेचाळीस. तीन मतांनी वाचला. तेव्हापासून पेटीचं नाव काढलं की त्याचा घास अडकायचा. नियमात लिहिलं होतं की दिवस आणि पद्धत मावळत्या अध्यक्षाने ठरवावी. त्याने या वेळी बरोबर ठरवलं. मेंढके वर असताना दिवस, आणि तोंडावर बोलायची पद्धत. समोर मी बसलेलो असताना कोण दुसऱ्याचं नाव घेतो, बघू.

सोनुनने पाच दिवस धडपड केली. तालुक्याला अर्ज दिला. तिथल्या बाईने शिक्का पाहून सांगितलं, नियमात बसतंय. अझातला निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं की सगळ्यांना मिळून दोन माणसं सोडता येतील, तीही पाऊस नसला तर. दोन मतांनी काय होणार होतं? गावात उरले होते पांढऱ्या दाढीवाले, दुकानदार, ट्रॅक्टरवाला, मास्तर आणि घरोघरच्या सुना. गवत कापायला, बटाट्यांना पाणी द्यायला, गाई सांभाळायला सुना खालीच राहतात. आणि सुनांना त्यांच्या सासऱ्यांनी काय सांगितलं असेल हे विचारायलाच नको.

सहाव्या दिवशी जुमाबेकच्या घरून बोलावणं आलं. गाईची कास सुजली होती.

गोठ्यात जुमाबेकची सून आयनाश एकटीच होती. तेवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, पांढऱ्या रुमालाखाली डोळे सतत जमिनीकडे. ती इतकी हळू बोलायची की पाहुण्यांना ती मुकी वाटायची. गाय तिचीच होती, माहेरहून आणलेली, आणि चरायला कोक-सायला जायची. सोनुनने कास गरम पाण्याने शेकली, सुई टोचली, दूध पिळून टाकलं आणि हात धुवायला वळली तर ही पोर भिंतीला टेकून रडत होती.

“अगं, बरी होईल ती. दोन दिवसांत चरायला जाईल.”

“गाईसाठी नाही, एजे.” थोरल्या बहिणीला मारायची ती हाक मारून आयनाशने नाक पुसलं. “आबांनी सांगितलंय, बाजाराच्या आदल्या दिवशी सभेत उभं राहून त्यांना मत दे. मी ‘बरं’ म्हटलं. नाही कसं म्हणणार? पण देऊ कसं?”

सोनुनच्या लगेच लक्षात आलं नाही. तिला वाटलं, पोरीला कोक-सायचं वाईट वाटतंय.

“ते नाव घ्यायचंय ना,” आयनाश म्हणाली. “मोठ्याने. मी काल इथे येऊन बघितलं. दार लावून घेतलं, गाईच्या कानाशी तोंड नेलं, म्हटलं एकदा म्हणून तर बघू. ओठसुद्धा हलेनात. दुपारभर कान लाल होते.” आणि रडता रडता तिला हसू फुटलं. “गाय माझ्याकडे बघत राहिली.”

सोनुन साबण हातात धरून तशीच उभी राहिली.

ती स्वतः वीस वर्षांपूर्वी सून होऊन या गावात आली, तेव्हापासून तिने तरी ते नाव कधी घेतलं होतं? ती ‘थोरले’ म्हणायची. बाकीच्या ‘वरच्या घरचे’ म्हणायच्या, ‘दाढीवाले’ म्हणायच्या. नवऱ्याच्या थोरल्यांचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हे त्यांच्याकडे आईच्या दुधाबरोबरच पोटात जातं. त्याच्या नावात जुमा, म्हणजे शुक्रवार, म्हणून सुना शुक्रवारालाही शुक्रवार म्हणत नव्हत्या. शनिवारी बाजार, म्हणून तो ‘बाजाराच्या आदला दिवस’. अन् चोलोक-तेरेक सगळं एका कुळाचं. मुली लग्न होऊन बाहेरच्या गावांना जातात, सुना बाहेरच्या गावांतून येतात. म्हणजे गावात जी कुणी मोठी बाई होती, ती सून होती. सत्तर वर्षांची असली तरी सूनच. आणि जुमाबेक त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांच्या नवऱ्यांपेक्षा थोरला.

आपलं नाव बायकांच्या तोंडून ऐकण्याची पाळी त्या माणसावर जन्मात कधी आली नव्हती. म्हणून ते कधी ऐकू येत नाही, हेही त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

“आयनाश,” सोनुन सावकाश म्हणाली, “माझं नाव घेता येतं तुला?”

“तुमचं काय, तुम्ही तर सून. सुनेचं नाव कुणीही घ्यावं.” एवढं बोलून पोरीने चमकून वर पाहिलं. मग आयनाशने हळूच मान हलवली. “नाही हं, एजे. ते मला जमायचं नाही. आबा समोर बसलेले असणार. मी फार तर गप्प राहीन.”

“मी तुला काही सांगत नाही,” सोनुन म्हणाली. “गाईला ओल्यात बसू देऊ नको.”

त्यानंतर सोनुनने प्रचार बंद केला. अर्ज नाही, निरोप नाही, कुणाच्या दारात जाणं नाही. ती सकाळी विळा घेऊन गवत कापायला जायची. जुमाबेकला वाटलं, बाई थकली. त्याने दुकानात बसून मोठ्या मनाने जाहीर केलं की निवडून आल्यावर हरलेल्या सूनबाईला एक कोकरू बक्षीस देईन. कोक-सायच्या उतारावर मात्र बायका विळे चालवता चालवता एकमेकींना काहीतरी विचारायच्या आणि खी-खी करून गवतात बसायच्या. लांबून पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटायचं, यंदा गवत चांगलं आलंय म्हणून खूश आहेत.

शुक्रवारी दुपारी शाळेची खोली भरली. बावीस पुरुष, एकोणचाळीस बायका. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे बाकांवर, कडेला तापलेला सामोवार आणि बोर्सोकांनी, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांनी, भरलेली परात. तालुक्याहून तालांत नावाचा तरुण अधिकारी आला होता. चष्मा, वही, दोन पेनं. तो कागदाबाहेर एक पाऊल टाकणारा नव्हता. त्याने दोन्ही कलमं खणखणीत वाचली.

“कुणाची हरकत?”

“माझी तर मुळीच नाही,” जुमाबेक म्हणाला, आणि पुरुष हसले.

आधी पुरुषांची मतं झाली. एकेक उठला, घसा खाकरला, म्हणाला, “जुमाबेक.” दुकानदाराने तर जुमाबेककडे बघून वाकूनच म्हटलं. मास्तर, ट्रॅक्टरवाला आणि जायलोवरून रात्रंदिवस घोडा दामटून आलेले दोन मेंढके, एवढे चौघे सोनुन म्हणाले. अठरा विरुद्ध चार. जुमाबेकने टोपी सारखी केली आणि चहा मागवला.

“आता महिला,” तालांत म्हणाला. “आधी वयस्कर, मग बाकीच्या घरावार.”

सगळ्यांत थोरली कालिचा उठली. चौऱ्याऐंशी वर्षांची, जुमाबेकच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. गावात ती एकच त्याच्या वरच्या नात्यातली. त्याला न्हाऊमाखू घालून तिने वाढवलं होतं आणि मत त्यालाच द्यायचं हे तिने पक्कं ठरवलं होतं.

“आमचा शेंबड्या!” ती ठणकावून म्हणाली.

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. तालांतने चष्मा वर केला. “आजी, नाव घ्या.”

“घेतलं की. मी या घरात आले तेव्हा त्याचं नाक वाहायचं. तेव्हापासून शेंबड्या. धाकट्या दिराला वहिनी दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारते का रे? कुठे शिकलास तू?”

“टोपणनाव चालत नाही. मत बाद.”

“बाद?” कालिचा जुमाबेककडे वळली. “शेंबड्या, हा काय म्हणतोय?”

जुमाबेक हसत होता, पण जरा कमी. त्याची बायको बात्मा उठली. पन्नास वर्षांचा संसार. ती खाली बघत म्हणाली, “आमचे हे.” बाद. तिसरी म्हणाली, “वरच्या घरचे.” बाद. चौथी म्हणाली, “ते टोपीवाले,” आणि खोलीत अठरा टोपीवाले बसले होते. बाद. पाचवीने नुसतंच रुमालाचं टोक तोंडाला लावलं. दहा म्हाताऱ्या झाल्या आणि तालांतच्या वहीत दहा फुल्या पडल्या.

आता मात्र जुमाबेकच्या कपाळावर घाम आला. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी ऐकू येत नाहीये, हे ऐकू आलं.

“थांबा!” तो उठला. “सुनांनो, मी परवानगी देतो. घ्या माझं नाव. आजच्या दिवस माफ!”

“तू कोण माफ करणारा?” पुढच्या रांगेतून कासिमाली म्हणाला. त्याने नुकतंच जुमाबेकला मत दिलं होतं. “माझी सून आहे ती. माझ्यासमोर, चारचौघांत, एका थोरल्याचं नाव घेऊन ओरडायचं तिने? आज तुझं घेतलं, उद्या चहा देताना माझं घेईल.”

“अरे, निवडणूक आहे ही!”

“निवडणूक संध्याकाळी संपेल. सून माझ्या घरात राहणार आहे.”

“खरंय,” दुसरा म्हातारा म्हणाला. “आमच्या सुनेने अठरा वर्षांत मान वर केली नाही. तुझ्या खुर्चीपायी तिला बिघडवू?” आणि सगळ्या दाढ्या एकदम हलल्या. आपापल्या सुनेच्या अदबीचा प्रत्येकाला एवढा अभिमान होता की जुमाबेकचं कुणी ऐकून घेईना.

“मग हात वर करून घ्या मतं!” जुमाबेक तालांतला म्हणाला.

तालांतने कागद त्याच्यासमोर धरला. “हा शिक्का कुणाचा, आबा?”

जुमाबेक शिक्क्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि तो पुन्हा खुर्चीत बसला. त्याने हिशोब केला होता. “बरं तर बरं,” तो म्हणाला. “राहू देत गप्प. होऊ देत सगळी बाद. अठरा आणि चार तर कुठे जात नाहीत.”

सोनुनने बोटांवर तोच हिशोब केला. इतके दिवस ती एकच गोष्ट घोळवत होती, की त्याचं नाव कुणाला घेता यायचं नाही. पण म्हणून आपलं नाव कोण घेणार होतं? गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसल्याने कुणाच्या घरात भांडण होणार नव्हतं, सासरा रागावणार नव्हता, रात्री जेवताना कुणी तोंड फिरवणार नव्हतं. दहा जणींनी नाव घेतलं नाही आणि अदब राखली म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. उरलेल्या एकोणतीस जणीही तेच करतील, आणि उद्या कोक-सायवर सही होईल. तिला एकदम फार एकटं वाटलं. मागे वळून बायकांकडे बघायचंही धाडस होईना.

“घर क्रमांक एक,” तालांतने वाचलं. घर क्रमांक एक अर्थात जुमाबेकचं. “आयनाश.”

आयनाश सामोवाराजवळ पेले भरत उभी होती. तिने किटली खाली ठेवली. हात झग्याला पुसले.

“पोरी,” जुमाबेक प्रेमाने म्हणाला, “तू तरी घे. सासऱ्याचा शब्द पाळणं हीही रीतच आहे ना? मी स्वतः सांगतोय.”

“आबा,” आयनाश म्हणाली, आणि खोलीतले सगळेच वळून बघू लागले, कारण या पोरीला आवाज आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. “तुमचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. मी गोठ्यात जाऊन बघितलं, खरंच बघितलं.”

“मग राहू दे. बस.”

“बसते. पण माझं मत राहिलंय.”

तिने डोळे जमिनीवरून उचलले. सासऱ्याकडे नाही, सोनुनकडेही नाही, तालांतच्या वहीकडे बघितलं, आणि एवढ्या मोठ्याने की बाहेर बांधलेल्या घोड्याने मान उडवली, ती म्हणाली, “सोनुन!”

तालांतचं पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं.

“घर क्रमांक दोन,” तो म्हणाला.

घर क्रमांक दोनची सून कासिमालीची. ती उठली, सासऱ्याला वाकून नमस्कार केला, अगदी रीतीप्रमाणे, आणि म्हणाली, “सोनुन.” कासिमालीचं तोंड उघडं राहिलं. पण ओरडणार कशावरून? तिने कुणाही थोरल्याचं नाव घेतलं नव्हतं. आणि तिच्या अदबीसाठी तो आत्ताच चारचौघांत भांडून बसला होता.

मग बांध फुटला. घर तीन, सोनुन. घर चार, दोघी जावा, दोघी एकदम, “सोनुन!”, तालांत म्हणाला एकेकीने घ्या, तर त्यांनी पुन्हा एकेकीने घेतलं आणि आधीपेक्षा मोठ्याने. एकीच्या ओरडण्याने तिच्याच कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं. एक जण नाव घेतल्यावर खाली बसायलाच विसरली, इतकी ती स्वतःवर खूश झाली होती. दुकानदाराच्या बायकोने नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून नाव घेतलं. त्याने मान खाली घातली. दोघींना मात्र शेवटपर्यंत काहीच बोलता आलं नाही, एक तर रडूच लागली, आणि त्यांची मतं बाद झाली. त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

एकोणिसावं मत पडलं तेव्हा मास्तर उठून उभे राहिले. आता ते इतिहास सांगणार असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी नुसत्याच टाळ्या वाजवल्या. मग सोनुनची पाळी आली. तिला वीस वर्षं या गावात लोकांनी ‘अझातची बायको’ म्हटलं होतं, ‘गुरांची बाई’ म्हटलं होतं. तिने उभं राहून स्वतःचं नाव घेतलं आणि तिला ते फार चांगलं नाव वाटलं.

“जुमाबेक अठरा,” तालांतने वाचलं. “सोनुन एकतीस. बाद बारा. निवडून आल्या, सोनुन.”

मागच्या बाकांवरून जो आवाज उठला तो शाळेने कधी ऐकला नव्हता. परातीतले बोर्सोक मुठी-मुठीने छतापर्यंत उडाले, रुमाल सुटले, कुणी कुणाला मिठ्या मारल्या ते कळेना. जायलोवरून आलेले दोघे मेंढके एव्हाना घोड्यांवर चढलेसुद्धा होते. वर बातमी आधी कोण नेतो यावरून त्यांची फाटकातच शर्यत सुरू झाली.

सोनुन पुढे आली. तालांतने शिक्का तिच्या हातात दिला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला.

“लिहून घ्या,” ती म्हणाली. “कोक-सायला कुंपण पडणार नाही. आज नाही आणि मी आहे तोवर नाही.”

पुन्हा गलका झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

“दुसरं. यापुढे निवडणूक सप्टेंबरच्या शेवटी, सगळे कळप खाली आल्यावर. आणि मत पेटीत टाकायचं. कागदावर, घडी घालून.”

“एजे!” आयनाश ओरडली. आता तिला ओरडायची सवय लागली होती. “अहो, पेटीत टाकलं तर आबांनाही मत देता येईल की!”

“देऊ देत की,” सोनुन म्हणाली. “मला परत अध्यक्ष व्हायचं असेल तर मी त्या पेटीतून निवडून येईन.”

“अनुमोदन कुणाचं?” तालांतने विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पुढच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलेल्या जुमाबेकने हात वर केला. “लिही,” तो कुरकुरत म्हणाला. “जुमाबेक. घे बाबा, कुणीतरी घेतलं नाव.” यावर तो स्वतःही हसला, आणि मग कासिमालीसुद्धा.

लोक पांगायला लागले. जुमाबेक दारात बात्माची वाट बघत थांबला होता. ती चप्पल शोधत होती.

“एक सांग,” तो हळू आवाजात म्हणाला, पण शाळेच्या खोल्यांना आवाज लपवता येत नाही. “तू ‘आमचे हे’ म्हणालीस ते नाव घेता येत नाही म्हणून. खरं ना? पुढच्या खेपेला पेटी आली तर कुणाचं नाव लिहिशील?”

पन्नास वर्षांत बात्माला तिच्या नवऱ्याने पुष्कळ प्रश्न विचारले होते. जेवायला काय, पाहुणे कधी, चावी कुठे. हा पहिलाच असा प्रश्न होता. तिने चप्पल पायात सरकवली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि थोडा विचार केला.

“ते मी पेटीला सांगेन,” ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी न थांबता बायकांच्या घोळक्याबरोबर निघून गेली.